रस्ता सुरक्षेचा निधी कुठे द्यावा: नव्याने या कामात येणाऱ्या अभियंत्यांसाठी

‘ब्लॅक स्पॉट’ची, म्हणजे अपघातप्रवण जागेची, व्याख्या आपणांस ठाऊकच असेल: सुमारे 500 मीटरचा पट्टा, तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, अथवा 10 मृत्यू. त्यामुळे मी तिच्यावर वेळ घालवत नाही. जी गोष्ट उमगायला मला सर्वाधिक काळ लागला आणि जी आजही बैठकीत नव्याने पटवून द्यावी लागते, ती मात्र सविस्तर सांगतो.

गेल्या वर्षी जिथे सर्वाधिक अपघात झाले तिथे आधी पैसे, ही पद्धत न्याय्य वाटते. पण गोव्यासारख्या लहान राज्यात, जिथे एकेका जागेचे आकडे मुळातच लहान असतात, ती फसवते. समजा, 50 तिठे सारखेच धोकादायक आहेत आणि प्रत्येकावर वर्षाला सरासरी 2 गंभीर अपघात होतात. तरीही निव्वळ योगायोगाने त्यांपैकी साधारण 7 तिठ्यांवर एखाद्या वर्षी 4 किंवा अधिक अपघात नोंदले जातील. आपण त्या सातांवर खर्च करू, पुढच्या वर्षी आकडा आपोआप 2 च्या आसपास उतरेल आणि काम यशस्वी झाल्याचा अहवाल जाईल. मग तोच निरुपयोगी उपाय इतरत्र नेला जातो आणि त्या वर्षी केवळ सुदैवाने कोणी दगावले नाही असे खरे घातक वळण यादीच्या तळाशी राहते. एका वर्षाच्या आकड्यावर क्रम कधीही लावू नका. किमान तीन, शक्यतो पाच वर्षांची नोंद वाहनसंख्येशी ताडून पाहा आणि कामानंतरची तुलना हात न लावलेल्या तशाच जागेशी करा. मध्यंतरी रस्ताच बदलला असेल, जसा डिसेंबर 2022 मध्ये नवा झुआरी पूल खुला झाल्यावर कुठ्ठाळीकडे बदलला, तर आधीची नोंद वेगळी ठेवा.

अंदाजपत्रक आणि निविदा वरिष्ठ शिकवतील. अपघात कसा घडला हे मात्र पंचनामा करणाऱ्या हवालदाराकडून शिकावे, असे माझे ठाम मत आहे. त्याच्या कच्च्या नकाशात वीजखांबापासून मोजलेली घसरण्याची खूण थेट वळणात सुरू होत असेल, तर वळण स्वाराला वेळेवर दिसले नसण्याची शक्यता मोठी असते. तिथे पावसाळ्यात माजलेल्या झाडीआड सूचनाफलक सापडला, तर झाडी तोडण्याचा खर्च नगण्य असतो.

पंचायतीने मागितला म्हणून गतिरोधक मंजूर करणे हा आडमार्ग टाळा. रंग उडालेला, अंधारातला गतिरोधक दुचाकीस्वारालाच पाडतो आणि आपल्याकडे अपघाती मृत्यूंत दुचाकीस्वारच सर्वाधिक असतात. रुंदीकरण सुरक्षेच्या शीर्षाखाली आले, तर हरकत नोंदवा: रुंद रस्त्यावर वाहने वेग वाढवतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो.

तुमची पहिली यादी बहुधा बदलली जाईल. खचू नका, तसे सर्वांचेच होते आणि नीट मांडलेली जागा पुढच्या वर्षी पुन्हा मांडता येते. वगळलेल्या प्रत्येक जागेचे कारण मात्र टिपणीत लेखी ठेवा. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या कलम 198-अ नुसार रचना किंवा देखभालीचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास प्राधिकरण आणि कंत्राटदार दंडास पात्र ठरतात. त्यामुळे अशी टिपणी सहजी बाजूला सारता येत नाही.