पक्क्या भिंतींचा फोल्डिंग कॅम्पर ट्रेलर कसा निवडायचा: नाशिकच्या पावसाला आणि घाटाला पुरेल असा

भंडारदऱ्याला जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला आम्ही जवळपास दरवर्षी जातो, आणि दरवेळी रविवारी सकाळी तंबू ओलाच गुंडाळून डिकीत कोंबायची वेळ येते, मग घरी आल्यावर तो अर्धा गॅलरीत आणि अर्धा हॉलमध्ये असा दोन दिवस लटकलेला, आणि एवढं करून एका वर्षी त्याला बुरशी धरलीच. कापड ओलं घडी घातलं की दोन दिवसांत काम तमाम. तेव्हापासून मी पक्क्या भिंतींच्या फोल्डिंग कॅम्परच्या मागे लागलोय, खूप वाचलं, जे बघायला मिळाले ते हात लावून बघितले, आणि आता ओळखीतले लोक विचारायला लागलेत म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो.

आधी ही वस्तू काय ते. रस्त्यावर ओढताना ती छातीएवढ्या उंचीची चपटी पेटी दिसते, मुक्कामाला पोचलात की छपराचे दोन अर्धे भाग उचलून एकमेकांना टेकवायचे, घरावरच्या कौलारू छपरासारखे, आणि दोन्ही बाजूंच्या आडव्या पडलेल्या त्रिकोणी भिंती उभ्या करून आतून लॉक करायच्या. याला ए-फ्रेम म्हणतात, अमेरिकेत अलायनर आणि ऑस्ट्रेलियात एव्हॅन हे यातले ओळखीचे ब्रँड. दुसरा प्रकार पेटीसारखा, त्यात सपाट छप्पर वर जातं आणि आत घडी घातलेल्या भिंती उभ्या राहतात, तो आत मोकळा असतो पण जास्त जड आणि सांधे जास्त. दोन-तीन माणसांसाठी माझं मत ए-फ्रेमच, कारण उघडायला पाच-दहा मिनिटं, आणि जितके सांधे कमी तितका पाऊस आत यायच्या वाटा कमी.

पहिलं काम: कॅम्पर नाही, स्वतःची गाडी बघा

बहुतेक जण उलटं करतात, आधी कॅम्पर आवडतो आणि मग विचारतात आमची गाडी ओढेल का. गाडीचं मॅन्युअल काढा आणि टोइंगचा आकडा, म्हणजे गाडी मागे किती वजन ओढू शकते तो, शोधा. तिथे दोन आकडे असू शकतात, एक ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आणि एक बिनब्रेकच्या ट्रेलरचा, आणि दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. उदाहरण म्हणून सांगतो, ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या जिम्नीला ब्रेकसहित १३०० किलो आणि बिनब्रेक फक्त ३५० किलो, तिथल्या स्कॉर्पिओला २५०० आणि ७५०. हे आकडे तिकडच्या गाडीचे, तुमच्या इकडच्या गाडीला लागू होतात असं धरू नका, मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागा आणि टो-हूक (ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा हूक) बसवल्यावर वॉरंटीचं काय होतं तेही त्याच पत्रात विचारा.

ब्रिटनमध्ये नवख्या लोकांना एक नियम सांगतात, भरलेला ट्रेलर गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. १२०० किलोची गाडी असेल तर १०२० किलो झाले. मला हा नियम आपल्यासाठी फार पटतो, कारण आपण नाशिकमधून मुंबईकडे निघालो की कसारा उतरायचा, पुण्याकडे निघालो की चंदनापुरी, सापुताऱ्याला गेलो तर तिथलीही वळणं. चढताना गाडी दमते एवढंच, उतरताना मात्र मागचा ट्रेलर ढकलतो, आणि तिथे हलका ट्रेलर म्हणजे काय सुख असतं ते ओढणाऱ्यालाच कळतं.

वजन कागदावरचं धरू नका, भुईकाट्यावरचं धरा

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ओझरचे आमच्या ओळखीचे एक जण आहेत, त्यांनी एका वर्कशॉपमधून कॅम्पर बनवून घेतला, बोलणं झालं होतं ६०० किलोचं, काट्यावर भरला ७८०, तोही रिकामा. बनवणाऱ्याने फसवलं असंही नाही, जाड पत्रा, जाड प्लाय, चार बिजागऱ्या जास्त, सगळं मजबुतीच्या नावाखाली वाढत गेलं.

आपल्याकडे सोय चांगली आहे, पिंपळगाव, लासलगाव, जिथे कांद्याचे ट्रॅक्टर मोजतात तिथे भुईकाटा असतोच, शहरातही एमआयडीसीच्या बाजूला मिळतो. विकणाऱ्याला स्पष्ट सांगा, काट्यावर नेऊया, पैसे मी देतो. ट्रेलर गाडीपासून सोडून एकटा मोजायचा, पावती घ्यायची. मग चासीवरच्या प्लेटवर जास्तीत जास्त भरलेलं वजन लिहिलेलं असतं त्यातून हे रिकामं वजन वजा करा, जे उरलं तेवढंच सामान तुम्ही भरू शकता. समजा उरले १२० किलो. त्यात ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो गेले, १०० एएचची (अँपिअर-तास) साधी लेड-ॲसिड बॅटरी २५-३० किलो (लिथियम घेतली तर त्याच्या निम्म्याहूनही कमी), गॅस, भांडी, गाद्या, चादरी, मुलांची सायकल, आणि संपलं सगळं. पाणी शक्यतो मुक्कामाजवळ भरा, घाटातून ओढत नेऊ नका.

पुढच्या हुकवर किती भार येतो तेही बघा. युरोपात भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के सांगतात, अमेरिकेत १० ते १५, म्हणजे ७०० किलोच्या ट्रेलरला पहिल्या हिशोबाने ३५ ते ४९ किलो. ज्या देशाच्या पद्धतीचा ट्रेलर त्याचा हिशोब धरा आणि गाडीच्या हुकची मर्यादा ओलांडू नका. घरी मोजता येतं, बाथरूममधला वजनकाटा जमिनीवर, त्यावर लाकडाचा ओंडका, ओंडक्यावर ट्रेलरची दांडी, बस. भार कमी पडला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, आणि ते एकदा सुरू झालं की सावरणं कठीण, म्हणून जड सामान नेहमी चाकाच्या थोडं पुढे आणि खाली.

ठेवणार कुठे

टेप घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. लहान ए-फ्रेमची पेटी १० ते १२ फुटांची असली तरी पुढची दांडी धरून लांबी १३ ते १५ फूट होते. बंद उंची कमी असल्यामुळे स्टिल्ट पार्किंगमध्ये तो आरामात जातो, साध्या कॅरव्हॅनचं तसं नाही, आणि फोल्डिंग घ्यायचं हे मला सगळ्यात मोठं कारण वाटतं. पण सेक्रेटरींशी आधी बोला, लेखी परवानगी घ्या, नंतरची भांडणं नकोत. आणि वळवताना ट्रेलर गाडीपासून सोडून हाताने ढकलता येतोय का ते बघा, दांडीखालचं छोटं चाक यासाठीच असतं. रिव्हर्सची भीती वाटत असेल तर गावाकडे ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेणाऱ्या कुणाशेजारी एक सकाळ बसा, लांब दांडीच्या ट्रॉलीला सोपं जातं आणि आखूडला अवघड, तत्त्व तेच.

घडी स्वतःच्या हाताने घाला, तीनदा

विकणारा झटकन उघडून दाखवतो, त्याला सवय असते. तुम्ही म्हणा, आता बाजूला व्हा, मी आणि मिसेस उघडतो. छप्पर उचलताना स्प्रिंग किंवा गॅसचे दांडे मदत करतात, ते दमलेले असतील तर अर्ध्यातच कळतं, हात सोडला की छप्पर खाली यायला लागतं. बिजागऱ्यांमध्ये खडखड आहे का, भिंत उभी केल्यावर लॉक सहज बसतो की खांद्याने ढकलावं लागतंय, दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का. फट वरती बारीक आणि खाली मोठी दिसली तर चासी वाकलेली असू शकते, सोडून द्या तो. आणि वारा असताना एकट्याने उघडू नका, इगतपुरीच्या पठारावर किंवा वैतरणेकाठी मोकळ्यावर वारा छपराखाली शिरला तर ते शिडासारखं फटकन वर जातं आणि बिजागऱ्या उपटून काढतं.

पाइप घेऊन जा

इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, नाशिक शहरात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे शहरात न गळणारा कॅम्पर तिकडे गळू शकतो. बघायला जाताना बागेचा पाइप मागा, पूर्ण उघडलेल्या कॅम्परवर वीस मिनिटं पाणी मारा, वरच्या सांध्यावर, भिंतीच्या कडांवर, खिडक्यांभोवती, आणि दुसऱ्या माणसाने आत टॉर्च घेऊन बसायचं. सांध्यातलं रबर बोटाने दाबा, ते मऊ हवं, कडक किंवा भेगाळलेलं असेल तर बदलायचा खर्च किमतीतून कमी करा. मग खाली बसून जमिनीचे कोपरे अंगठ्याने दाबा, प्लाय सडलेला असेल तर दबतो, आणि बंद कॅम्पर उघडल्या उघडल्या ओलसर कोंदट वास आला तर कितीही सुगंधी स्प्रे मारलेला असो, घेऊ नका. छपराला उभं राहायला जागा करणारी जास्तीची खिडकी, ज्याला डॉर्मर म्हणतात, ती दिसायला छान आणि आत खरंच मोकळं वाटतं, पण वजनही वाढतं आणि सांधेही, आपल्या पावसात मी तरी नाही घेणार.

भिंतीत फोमचा थर आहे का तेही विचारा. निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्या आसपास जातो, नुसता पत्रा असेल तर रात्री आपल्याच श्वासाची वाफ आतून गोठल्यासारखी जमते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात.

खालची बाजू

टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३२१९ असेल तर २०१९ चा ३२वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही तर उभ्या उभ्या जुने होऊन जातात, पाच-सहा वर्षांच्या पुढचे असतील तर नवीनच घालायचे. दहा-पंधरा किलोमीटर ओढून झाल्यावर चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या, कोमट ठीक, चटका बसला तर बेअरिंग गेलेलं असू शकतं. ब्रेक दोन प्रकारचे, एकात गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्याच दाबाने त्याचा ब्रेक लागतो, दुसरा इलेक्ट्रिक, त्याचा कंट्रोलर गाडीत बसवावा लागतो पण घाटात ट्रेलरचा ब्रेक वेगळा लावता येतो. दोन्ही चालतील. भरून ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला युरोपात ब्रेकची सक्ती नाही, तरी घाटासाठी मी ब्रेक असलेलाच घेईन.

आतलं थोडक्यात, गॅस सोडून

बेडवर झोपून बघा, ए-फ्रेममध्ये डोक्यावर तिरकं छप्पर येतं. घरात वयस्कर माणूस असेल तर पोर्टेबल टॉयलेटची जागा आधीच ठरवा, माझी आई त्याशिवाय येतच नाही. बॅटरीचा हिशोब सोपा, १२ व्होल्ट गुणिले १०० एएच म्हणजे १२०० वॉट-तास, लेड-ॲसिडमधून निम्मेच वापरा, ३० वॉटचा पंखा रात्री आठ तास २४० खातो, लाइट आणि मोबाइल धरून एक रात्र निवांत जाते. एसी बॅटरीवर विसरा.

गॅसचं मात्र नीट ऐका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून जमिनीलगत झरोका असलाच पाहिजे आणि थंडी वाजते म्हणून तो कधीच बुजवायचा नाही. सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात. आणि कोळशाची शेगडी आत उबेसाठी, अगदी पाच मिनिटंसुद्धा नको, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. या विषारी वायूचा अलार्म मिळतो, तो लावा.

बाहेरून आलेला की इथे बनवलेला

अमेरिकन कॅम्परचं दार उजव्या बाजूला असतं कारण ते रस्त्याच्या उजवीकडून चालतात, आपल्याकडे रस्त्याकडेला थांबलात की तेच दार वाहतुकीत उघडतं, पोरं घेऊन फिरणाऱ्याने हे आधी बघावं. वायरिंग १२० व्होल्टचं, आपलं २३०, म्हणजे आतली उपकरणं बदला. टो-बॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचा गाडीच्या हुकवरचा गोळा, २ इंची की ५० मिलिमीटर तेही जुळवा, थोडक्या फरकानेही जोड सैल राहतो. सातपूर-अंबडला पत्रा आणि फायबरचं उत्तम काम करणारे वर्कशॉप आहेत, पण घडीचे सांधे त्यांनी आधी कधी केलेत का ते बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

ट्रेलरलाही नोंदणी लागते, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ मध्ये तसं स्पष्ट आहे, त्यामुळे पैसे देण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत बनवणाऱ्याचे कागद दाखवून एमएच-१५ पासिंग होईल का हे विचारून या, इन्शुरन्सवाल्यालाही तेव्हाच विचारा.

इतकं सगळं जुळलं तर फक्त टोकन द्या आणि एका रात्रीसाठी मागून घ्या, गंगापूर धरणाच्या बाजूला ओळखीच्या कुणाच्या शेतावर लावा, अंधारात उघडा, आत स्वयंपाक करा, सगळे जण झोपा, आणि सकाळी दव असतानाच ओलाच्या ओला घडी घालून घरी आणा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडून कोपऱ्यांत हात फिरवा. कोरडे लागले तर उरलेले पैसे द्यायला जा.