केनेट–एव्हन कालव्यावर नॅरोबोट: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पोरगं रेडिंगला नाहीतर ब्रिस्टलला नोकरीला, आईवडील कोल्हापुराहून महिनाभर तिकडं जाणार, आणि लंडन बघून झाल्यावर करायचं काय, हा प्रश्न उरतोच. नॅरोबोट, म्हणजे राहायची सोय असलेली लांब, अरुंद बोट, भाड्यानं घ्यावी आणि केनेट–एव्हन कालव्यावर तीन-चार दिवस काढावेत. रेडिंग ते ब्रिस्टल हा जलमार्ग ८७ मैलांचा, म्हणजे १४० किलोमीटर. पूर्वेला केनेट नदी, पश्चिमेला एव्हन नदी आणि दोन्ही जोडणारा, जॉन रेनीच्या आखणीचा कालवा. तो १८१० मध्ये पूर्ण झाला. १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ताब्यात गेल्यावर त्याला उतरती कळा लागली. पुढं स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून तो दुरुस्त केला आणि १९९० मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते पुन्हा खुला झाला. हा कालवा मालाच्या वाहतुकीसाठी खोदलेला, शेतीसाठी नव्हे. त्यामुळं पाटाला असते तशी ओढ इथं शोधू नका, पाणी जवळजवळ उभंच असतं.

भाड्याची बोट चालवायला लायसन्स लागत नाही. बोट ताब्यात देताना भाड्यानं देणारे तासभर शिकवतात. त्या वेळी लॉकची, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीला नेणाऱ्या दारांच्या हौदाची, माहिती नुसती ऐकून घेऊ नका, एक लॉक त्यांच्यासमोर करून बघायचा आग्रह धरा. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी बरगे घालून काही भाग कोरडे केले जातात, तेव्हा वाट बंद असू शकते. कालवा सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर बंदच्या सूचना येतात. त्या वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

पहिल्या खेपेला ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते बाथ हाच टप्पा घ्या. ब्रॅडफर्डचं लॉक मागं टाकून पश्चिमेला निघालं की बाथच्या वरच्या लॉकपर्यंत नऊ-साडेनऊ मैल एकही लॉक नाही. वाटेत अ‍ॅव्हनक्लिफ आणि डंडास असे दोन दगडी जलसेतू लागतात. खाली नदी आणि वरून आपली बोट, हे दृश्य दोन्हीकडं मिळतं. वेळेचा हिशेब सोपा आहे: मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीननं भागायचं, आलेला आकडा म्हणजे तास. या टप्प्याला तीन-सव्वातीन तास लागतात. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, पण बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही निम्म्यानं जायचं. नाहीतर लाटेच्या ओढीनं त्यांच्या खुंट्या उपटून येतात आणि मग काठावरून जे ऐकू येतं त्याला इंग्रजी यायची गरज नसते.

उलट दिशेला डिव्हायझेसचा केन हिल चढ आहे: दोन मैलांत २९ लॉक आणि ७२ मीटर उंची. त्यातली १६ एका रांगेत इतकी जवळजवळ आहेत की मध्ये पाणी साठवायला लांबी मिळत नाही, म्हणून प्रत्येकाच्या बाजूला आडवं तळं खणलंय. सूत्रानं इथं दहा तास होतात, सरावलेली टोळी पाच-सहा तासांत उरकते. नवख्यांनी पायी जाऊन बघावं, बोट घालू नये.

आता लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. दारांत आणि दारांशेजारच्या जमिनीखाली पाणी सोडायच्या झडपा असतात, त्यांना पॅडल म्हणतात. पॅडल विंडलास नावाच्या हँडलनं फिरवतात. बोटीवर दोन विंडलास असू द्या, एक हमखास पाण्यात पडतो. दोघं काठावर आणि एक सुकाणूवर, अशी तीन माणसं पुरे.

चढताना: खालची दारं उघडून बोट आत घ्या आणि दारं लावा. खालची पॅडल बंद आहेत ना, हे दोन्ही बाजूंना जाऊन बघा. ती राहिली तर वरून येणारं पाणी खालून निघून जातं आणि हौद भरतच नाही. मग वरची जमिनीखालची पॅडल आधी अर्धी उघडा. पाण्याचा उसळा बसून बोट स्थिर झाली की पूर्ण उघडा. दारातली पॅडल ती पाण्याखाली गेल्यावरच. आधी उघडलीत तर धबधबा थेट नाकावरच्या डेकवर कोसळतो. पातळी सारखी झाली की दार लांब तुळईला पाठ लावून ढकलायचं. हलत नसेल तर पाणी अजून सारखं झालेलं नाही, इतकाच त्याचा अर्थ, जोर लावून काही उपयोग नाही.

उतरताना क्रम उलटा, पण धोका मोठा. वरच्या दाराच्या आतल्या अंगाला पाण्याखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरलं आणि बोटीची शेपटी त्यावर टेकून राहिली, तर पुढचा भाग खाली जातो आणि बोट बुडू शकते. म्हणून भिंतीवरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढं राहायचं, आणि सुकाणूवरच्या माणसानं फोन खिशात ठेवायचा. अडकलीच तर खालची पॅडल तत्काळ बंद करून वरची हळू उघडायची, पाणी वाढलं की बोट सुटते. याच कारणासाठी दोर खांबाला बांधायचा नाही. एक फेरा घालून टोक हातात धरायचं, म्हणजे पाणी उतरेल तसा सोडता येतो.

पॅडल खाली करताना खटका सोडून विंडलास मोकळा फिरू देऊ नका, तो सुटून मनगट नाहीतर दात घेतो. दारांच्या आसपासचे दगड शेवाळलेले असतात, तिथं कोल्हापुरी पायतान चालत नाही, रबरी तळव्याचे बूटच हवेत.

या कालव्याची लॉक रुंद आहेत, दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी मावतात. सुमारे २२ मीटर लांब, सव्वाचार मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास उतार धरला तर एका वेळेला सव्वादोन लाख लिटर पाणी खाली जातं. मागून बोट येताना दिसली तर दहा मिनिटं थांबा आणि जोडीनं जा.

सुकाणूचा दांडा डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं वळते. ब्रेक नसतो, थांबायला रिव्हर्स टाकावा लागतो. समोरून बोट आली की उजवी बाजू धरायची. पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) जड झाला किंवा धूर वाढला तर पंख्यात गवत अडकलंय असं समजा. इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि मगच मागचं झाकण काढून हात घालायचा.

बोटीवर गॅसची शेगडी असते, तेव्हा कांदा-लसूण चटणी खुशाल न्या. पण तूप, पेढे, खवा आणि मांसाचं काहीही भारतातून नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात.

नदीच्या भागात, म्हणजे न्यूबरीच्या पूर्वेला आणि बाथच्या पश्चिमेला, पावसानंतर गोष्ट बदलते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तिकडं लॉकजवळ हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असलेली पाटी असते. पाणी लाल पट्ट्यावर असेल तर बोट बांधून ठेवायची, भाड्याचा दिवस वाया गेला तरी.

न्यूबरीकडं असाल तर असा दिवस क्रॉफ्टनच्या पंपघरात घालवा. रेल्वेनं बेडविनला उतरून काठाच्या वाटेनं दोनेक किलोमीटर चालत जाता येतं. कालव्याच्या सर्वांत उंच भागाला नैसर्गिक पाणी पुरत नाही, म्हणून ते इथं पंपानं चढवावं लागतं. रोजचं काम आता विजेवर होतं, पण १८१२ चं बोल्टन अँड वॉटचं वाफेचं इंजिन मूळ जागेवर अजून चालू स्थितीत आहे. वाफेवर ते ठरावीक दिवशीच चालवतात, तेव्हा तारखा बघूनच जावं.