घरातला म्युझिक सर्व्हर बदलायचा की नाही, हे कसं ठरवावं

बाबांनी आकाशवाणीच्या शनिवार रात्रीच्या संगीत सभेतून टेप केलेली एक मैफल ऐकत होतो. ९० मिनिटांच्या कॅसेटवरून मीच ती फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फाइलमध्ये, उतरवली होती. सतराव्या मिनिटाला, तान अर्ध्यावर असताना आवाज थांबला. चार-पाच सेकंद काहीच नाही, फक्त कपाटामागून बारीक ‘टक् टक्’. मग गाणं पुढे सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तीच फाइल लावली, पुन्हा सतरावं मिनिट, पुन्हा तेच.

सर्व्हर, म्हणजे साठवलेली गाणी खोल्याखोल्यांतल्या प्लेअरना पाठवणारं यंत्र. माझं म्हणजे रास्पबेरी पाय ३ हा तळहाताएवढा संगणक, त्याला यूएसबीवर जोडलेली २ टीबीची पोर्टेबल डिस्क आणि पुढे डॅक, म्हणजे डिजिटल बिट्सचा आवाज करणारं उपकरण. यंत्र जुनं झालंय, असं मनाने आधीच ठरवून टाकलं होतं. १६ जीबी रॅमचा मिनी पीसी शोधूनही ठेवला होता. तो घेतला असता आणि हीच डिस्क त्याला लावली असती, तर नव्या यंत्रावरही गाणं सतराव्या मिनिटालाच अडकलं असतं. म्हणून खर्च करण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा. एका शनिवार-रविवारात बहुतेक उरकतात.

आधी तक्रार लिहून काढा

दोन आठवडे सर्व्हरजवळ एक वही ठेवा. काय झालं, किती वाजता, कोणती फाइल, कोणत्या खोलीत, तेव्हा घरात आणखी काय चालू होतं, एवढं लिहा. ‘हल्ली स्लो वाटतो’ ही तक्रार कामाची नाही. ‘स्वयंपाकघरात रात्री आठच्या सुमारास आवाज तुटतो’ ही कामाची. एकाच फाइलमध्ये एकाच जागी अडत असेल तर संशय डिस्कवर. एकाच खोलीत, पण वेगवेगळ्या फायलींना अडत असेल तर वायफायवर. गाणं नीट वाजतं, पण मोबाइलवर गायकांची यादी उघडायला दहा सेकंद लागतात, तर मात्र सर्व्हरची रॅम किंवा प्रोसेसर कमी पडत असण्याची शक्यता खरी.

दोन आठवड्यांनी वही कोरीच राहिली, तर सर्व्हर बदलायचं काही कारण नाही.

नेटवर्कचं गणित

सीडीचा आवाज न दाबता (कॉम्प्रेस न करता) पाठवायचा तर सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, फ्लॅकमध्ये त्याहून बरेच कमी. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची हाय-रेझ, म्हणजे सीडीहून बारीक नोंदीची, स्टिरिओ फाइल न दाबताही सुमारे ९.२ मेगाबिटच घेते. पाय ३ चं लॅन १०० मेगाबिटचं आहे. म्हणजे केबलवरून एकाच वेळी सात-आठ खोल्यांना तो हाय-रेझ संगीत पुरवू शकतो. गिगाबिट पोर्ट नाही म्हणून गाणं अडतं, हे इथे लागू पडत नाही. ५०० जीबीचा संग्रह कॉपी करायला बारा तासांच्या वर लागतील हे खरं, पण ते काम रोजचं नाही.

अडणाऱ्या खोलीतला प्लेअर तासभर लॅन केबलने जोडून बघा. तक्रार गेली, तर पैसे राउटरवर किंवा केबल ओढण्यावर घाला.

अडॅप्टर

पाय ३ ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर लावून वर यूएसबीची डिस्कही त्याच्यावरच चालवली, तर व्होल्टेज पडतं. ते ४.६३ च्या खाली गेलं की जोडलेल्या स्क्रीनवर पिवळी वीज चमकते. विजेअभावी डिस्क मध्येच थांबून पुन्हा फिरू लागते, आणि तिचाही ‘टक्’ असाच आवाज येतो. म्हणून डिस्कला दोष देण्याआधी चांगला अडॅप्टर लावून बघा. माझ्याकडे तो बदलूनही सतरावं मिनिट काही सुटलं नाही.

डिस्क, आणि इथे घाई नको

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. लिनक्सवर ‘स्मार्टसीटीएल’ने ती वाचता येते, विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ने. लांबलचक तक्त्यातल्या तीनच ओळी बघा: ५ क्रमांकाची, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे); १९७ ची, म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय लांबलेले सेक्टर; आणि १९८ ची, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही न वाचले गेलेले. शेवटच्या रकान्यातला आकडा शून्य हवा. माझ्या डिस्कवर १९७ पुढे १६ होता.

तेवढ्याने उलगडा झाला. खराब सेक्टर आला की डिस्क तो पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते, त्यात काही सेकंद जातात, प्लेअरने साठवून ठेवलेलं गाणं तोवर संपतं आणि शांतता पसरते. आज ती चार सेकंदांची आहे. उद्या तो भाग वाचलाच जाणार नाही.

फायली शाबूत आहेत का, हेही तपासता येतं. फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा नोंदवलेला असतो. फ्लॅकच्या टेस्ट आज्ञेने पूर्ण फाइल उलगडून तो ठसा जुळतो का ते कळतं. रात्री सगळ्या संग्रहावर ही तपासणी लावून द्या. माझ्या अकरा हजारांवर फायलींपैकी तीन जुळल्या नाहीत. त्या साताऱ्याला ताईकडे ठेवलेल्या डिस्कवरून परत आणल्या. ती डिस्क नसती तर एक कॅसेट पुन्हा उतरवावी लागली असती, आणि तिची फीत आता खूप ताणली गेली आहे.

आकडा शून्याच्या वर असेल तर बाकीची तपासणी थांबवा आणि आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. दोन डिस्कांच्या रेडला, म्हणजे एकच माहिती दोन्हींवर एकदम लिहिणाऱ्या जोडणीला, बॅकअप समजू नका. चुकून पुसलेला फोल्डर रेडमध्ये दोन्हीकडून एकदमच जातो. एक प्रत घराबाहेर हवीच.

रॅम आणि प्रोसेसर

गाणं चालू असताना सर्व्हरवर ‘टॉप’ आणि ‘फ्री’ या आज्ञा देऊन बघा. फ्लॅक नुसती पाठवायला प्रोसेसरला जवळपास काहीच काम नसतं. नवी गाणी शोधण्यासाठी संग्रहाचा स्कॅन चालू असताना तो पूर्ण गुंतला तरी हरकत नाही, स्कॅन पहाटे तीनला लावता येतो. बघायचं ते स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की तिच्याऐवजी वापरली जाणारी डिस्क किंवा कार्डावरची जागा. नुसती अल्बमांची यादी चाळताना स्वॅप वाढत गेला, तर १ जीबी रॅम तुमच्या संग्रहाला पुरत नाही. ही सर्व्हर बदलण्याची खरी वेळ. त्याआधी डेटाबेस एसडी कार्डावरून छोट्या एसएसडीवर हलवून बघा, याद्या उघडण्यात बराच फरक पडू शकतो.

नव्या यंत्राने सुधारत नाही ते

सर्वांत आधी आवाज. सर्व्हर फाइलमधले बिट्स जसेच्या तसे डॅकपर्यंत पोचवत असेल, तर महागडा सर्व्हरही तेच बिट्स पोचवणार. आवाज सुधारायचा तर स्पीकर, त्यांची जागा आणि खोलीतले पडदे-गालिचे यांकडे बघा. सर्व्हरवर रूम करेक्शनचं (खोलीमुळे आवाजात येणारे दोष दुरुस्त करण्याचं) किंवा डीएसडी या वेगळ्या ध्वनी-प्रकारात रूपांतराचं गणित चालवायचं असेल, तर गोष्ट वेगळी. त्याला ताकदीचा प्रोसेसर लागतो.

दुसरं म्हणजे टॅग, फाइलमध्ये नोंदवलेली गायक, राग, अल्बम वगैरे माहिती. आपल्या संग्रहांत हे दुखणं मोठं आहे. एकच गायिका देवनागरीत एकदा, रोमनमध्ये दोन स्पेलिंगनी आणि ‘विदुषी’ लावून आणखी एकदा, अशी चार नावांनी यादीत दिसते. राग कधी शीर्षकात असतो, कधी अल्बमच्या नावात. नवा सर्व्हर हा गोंधळ तसाच, फक्त अधिक वेगाने दाखवेल. ‘पिकार्ड’ किंवा ‘एमपी३टॅग’ हा टॅग बदलण्याचा प्रोग्रॅम घेऊन चार संध्याकाळी बसा, रागासाठी वेगळं फील्ड करा, एका कलाकाराचं एकच नाव ठेवा. बदलून दोन-तीन आठवडे झाले की सर्व्हरच नवा आल्यासारखं वाटतं, हा माझा अनुभव आहे.

तिसरं, सॉफ्टवेअर. पुष्कळदा यंत्र ठीक असतं, वरचा प्रोग्रॅम जुना असतो. लॉजिटेक मीडिया सर्व्हर २०२४ पासून लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने पुढे चालू आहे. जुनी आवृत्ती तशीच ठेवलेल्यांनी आधी ती अद्ययावत करावी. मात्र तुमच्या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टीमला सुरक्षा अपडेट मिळणं बंद झालं असेल आणि सर्व्हर इंटरनेटला उघडा असेल, तर ते बदलण्याचं पुरेसं कारण आहे.

बदलायचंच ठरलं तर

नुसतं ऐकण्यासाठी पाय ४ भरपूर होतो. गिगाबिट लॅन आणि यूएसबी ३ त्याच्यात आहेत. पाय ५ ला ३.५ मिमीचा ऑडिओ जॅक नाही, तोच वापरत असाल तर लक्षात ठेवा. रूनसारखा जड म्युझिक सर्व्हर प्रोग्रॅम किंवा रूम करेक्शन हवं असेल, तर कार्यालयांतून निघालेले जुने मिनी पीसी बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते मिळतात. घेताना स्मार्टचा तक्ता तिथेच उघडून दाखवायला सांगा.

विजेचाही हिशेब करा. वर्षाचे तास ८,७६०. ६० वॉट खाणारा जुना डेस्कटॉप अखंड चालू ठेवला तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट जातात, ५ वॉटचा पाय ४४ वर भागवतो. फरकाला आपल्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणा. डेस्कटॉपवर सर्व्हर चालवणाऱ्यांना बदलासाठी हे एकच कारण पुरेल.

हलवताना प्लेलिस्ट आणि डेटाबेस वेगळे उतरवून घ्या. किती वेळा ऐकलं, कोणतं आवडलं, या नोंदी बऱ्याचदा गाण्याच्या फाइलमध्ये नसून डेटाबेसमध्येच असतात. मग दोन्ही सर्व्हर पंधरा दिवस शेजारी शेजारी चालू ठेवा. आलाप, जोड आणि झाला वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेला एखादा अल्बम नव्यावर लावा आणि सांध्यावर खंड पडतो का ते कान देऊन ऐका. घरातल्या सगळ्यांना न विचारता गाणं लावता येईपर्यंत जुना बंद करू नका.

मी शेवटी फक्त डिस्क बदलली. जुनीवर मार्कर पेनने ‘खराब, १९७’ लिहून ती वेगळी ठेवली आहे, म्हणजे घरात कोणी चुकून तिच्यावर फोटो भरणार नाही.