स्प्लिट कीबोर्ड जोडण्याआधी ‘ड’ आणि ‘ट’ कुठे बसतात ते बघा

दोन तुकड्यांचा मेकॅनिकल कीबोर्ड घरी जोडणार असाल, तर 36 बटणांच्या आराखड्याच्या मोहात लगेच पडू नका. गोव्यात आपण मराठी आणि कोंकणी दोन्ही देवनागरीत टाइप करतो, आणि इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत) बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. ‘पी’च्या पलीकडच्या चौकटी कंसाच्या बटणावर ड-ढ, अर्धविरामाच्या पलीकडे ट-ठ. 36 बटणांत उजव्या कडेची ही रांगच नसते, म्हणून ही दोन्ही उडतात. ‘वाट’, ‘गोड’, ‘मोठा’ लिहिताना दर वेळी लेयर (म्हणजे त्याच बटणांवरचा दुसरा अक्षरसंच) बदलायचा, तर बोटांना आराम कसला?

42 बटणांचा घ्या. ‘ट’ जागेवर राहतो. उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या बॅकस्पेसच्या जागी व्हायल या बटणं नेमायच्या ॲपमधून चौकटी कंसाचं बटण नेमा, ‘ड’ परत येतो. बॅकस्पेस अंगठ्याकडे द्या. कीबोर्ड फक्त बटणाचा कोड पाठवतो, अक्षर संगणक ठरवतो, म्हणून हे जमतं. ‘=’ चिन्हाच्या बटणावरचा ऋकार (ृ) कमी लागतो, तो लेयरवर चालेल.

पावसाळ्यात सुटे स्विच आणि सॉकेट सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा. आणि यूएसबी जोडलेली असताना दोन तुकड्यांना जोडणारी टीआरआरएस वायर (हेडफोनसारख्या पिनची) कधीच काढू-घालू नका. शॉर्ट होऊन कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारी चिप, जळू शकतो.