बेडरूमसाठी नक्षीदार वॉलपेपर निवडताना या चुका टाळा

कॅटलॉगमध्ये मऊ, उबदार वाटलेली नक्षी भिंतीवर चढली की अंगावर येते, ही वॉलपेपरबद्दलची नेहमीची तक्रार. दुसरी तक्रार पहिल्या पावसाळ्यानंतर सुरू होते: जोड उघडले, कोपरा फुगला, खोलीत कुबट वास येतो. दोन्हींचं मूळ एकच आहे. कागद आधी ठरतो आणि भिंत नंतर पाहिली जाते. क्रम उलटा हवा. कोणती भिंत, तिच्यात ओल किती, तिच्यावर उजेड कुठून पडतो, पलंग तिचा किती भाग झाकतो, हे कळल्याशिवाय दुकानात जाऊच नये.

चूक: ओल न तपासता भिंत ठरवणे

आपल्याकडे वॉलपेपरचा पहिला शत्रू ओल. पावसाळ्याचा मारा मुख्यतः पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींवर असतो. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात अशा बाहेरच्या भिंती चार महिने पाणी पीत राहतात. एरवी हा ओलावा आतल्या बाजूने हळूहळू सुकतो. तिथे व्हिनाइलचा कागद लावला की भिंतीवर प्लास्टिकचा थर बसल्यासारखं होतं आणि ओलावा मागे कोंडतो. मग चिकटवायच्या खळीवर बुरशी वाढते आणि काळे किंवा गुलाबी डाग कागदातून वर येतात. ते पुसून जात नाहीत.

तपासणी सोपी आहे. जाड प्लास्टिकचा दीड बाय दीड फुटांचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट बंद करा आणि ४८ तास तसाच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ते हवेतल्या दमटपणाचं आहे. ही चाचणी मे महिन्यात घेतली तर जवळजवळ प्रत्येक भिंत पास होते, म्हणून ती जुलै-ऑगस्टमध्ये घ्या आणि कागद दिवाळीनंतर लावा. उन्हाळ्यातच निर्णय घ्यायचा असेल तर खुणा शोधा: रंगाचे पोपडे, भिंतीतून बाहेर येणाऱ्या क्षारांची, म्हणजे लोण्याची, पांढरी भुकटी, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातला पिवळट ओघळ. यातलं काहीही दिसलं तर आधी बाहेरून गळती बंद करायची. आतून वॉटरप्रूफ रंग मारून वर कागद लावणं म्हणजे तोच आजार झाकणं.

बाथरूमला लागून असलेली भिंतही टाळा. एसीचा पाण्याचा पाइप जिच्यातून जातो ती तर नकोच. बहुतेक फ्लॅटमध्ये दोन खोल्यांच्या मधली, पलंगामागची भिंत सगळ्यांत सुरक्षित असते, आणि योगायोगाने नक्षीही तिथेच शोभते.

भिंतीवरचा थरही पाहायला हवा. ओला स्पंज दहा वेळा घासा. रंग स्पंजावर उतरला तर तो चुना किंवा हलका डिस्टेंपर आहे, तो खरवडावा लागेल. पुट्टी, म्हणजे रंगारी जिला लांबी म्हणतात ती, उघडी असेल तर खळीतलं पाणी शोषून तिची भुकटी होते आणि सहा महिन्यांत कागद पुट्टीसकट सुटतो. त्यामुळे पुट्टीवर किंवा जिप्सम प्लॅस्टरवर प्रायमरचा हात लागलाच पाहिजे. ऑइल पेंटची चकचकीत भिंत १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा. जुना रंग गडद असेल तर प्रायमर पांढराच हवा, नाहीतर फिकट कागदातून खालचा निळा किंवा हिरवा डोकावतो. सिमेंटचं नवं प्लॅस्टर निदान एक महिना सुकू द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त.

चूक: दुकानाच्या दिव्याखाली रंग पसंत करणे

आपल्या घरांत अजूनही ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूब असतात (केल्विनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा, उबदार). त्या निळसर उजेडात गेरूचा रंग विटकरीसारखा कोरडा दिसतो आणि बदामी रंग राखाडी. उबदार खोलीसाठी कागद निवडताय तर दिवा बदलण्याचा खर्च त्याच हिशेबात धरा: २७०० ते ३००० केल्विनचे दिवे, तेही पलंगाच्या दोन्ही बाजूंना, खालून.

नक्षीच्या भिंतीच्या माथ्यावरच ट्यूब असेल तर तिचा उजेड भिंतीवरून घासत खाली येतो आणि प्रत्येक जोड, पुट्टीतला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. कागद कितीही महाग असला तरी हे दोष लपत नाहीत. ट्यूब समोरच्या भिंतीवर न्या.

नमुना घरी आणा, निदान दीड-दोन फुटांचा. पलंगाच्या डोक्याच्या वर तो टेपने लावा आणि दोन-तीन दिवस राहू द्या. सकाळी पाहा, दुपारी पाहा, रात्री दिवा लावून पाहा. दारातून पाहा आणि आडवं पडूनही पाहा. सोनेरी किंवा चंदेरी छटा असलेला कागद दुकानात लोभस दिसतो, पण बाजूच्या दिव्याचा ठिपका त्यात झोपताना नेमका डोळ्यांवर येतो.

चूक: लहान खोलीला लहान नक्षी हे गणित

दहा बाय अकराच्या खोलीला बारीक नक्षी घ्यावी, असं सगळेच सांगतात. खोली अस्वस्थ वाटते ती नक्षीच्या आकाराने कमी आणि जमीन (कागदाचा नक्षीमागचा मूळ रंग) व नक्षी यांच्या रंगांतल्या फरकाने जास्त. पांढऱ्या जमिनीवर काळी पानं, मग ती दोन इंचांची असोत की दोन फुटांची, डोळ्याला थांबू देत नाहीत. मातकट जमिनीवर तिच्याहून दोन छटा गडद पानं असली तर मोठी नक्षीही शांत वाटते. हे ताडण्यासाठी भिंतीवरच्या नमुन्याचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. नक्षी ठसठशीत उठून दिसली तर ती हॉलला ठीक, झोपायच्या खोलीला नको. जमिनीत विरघळली तर घ्या.

वारली नक्षीच्या कागदाचंच घ्या. मूळ चित्र गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या रंगाने काढलेलं असतं. गेरूची ऊब हवीशी असते, पण कागदावर छापताना पांढरा अगदी शुभ्र आला तर अख्खी भिंत लुकलुकते. त्यातला साय रंगाच्या रेषांचा छाप शोधा.

आकाराचा खरा संबंध पलंगाशी आहे. भिंत साडेनऊ फूट उंच आणि पलंगाचा डोक्याकडचा भाग चार फूट असेल, तर उघडे राहतात साडेपाच फूट, म्हणजे सुमारे १६८ सेंटीमीटर. ६४ सेंटीमीटरला परत येणारी नक्षी तिथे अडीच वेळा दिसते, ते पुरेसं आहे. ९० सेंटीमीटरची दोनदाही पूर्ण दिसत नाही, आणि पक्षी किंवा कमळ अर्धवट कापलेलं राहतं. उलट एक-दोन इंचांची फुलं दारातून पाहिली की नुसता कण दिसतो. पैसे नक्षीचे जातात आणि हाती मळका रंग येतो.

उभे पट्टे आणि भौमितिक जाळी बेडरूममध्ये सहसा घेऊ नये. भिंती सरळ नसतात. छत एका टोकाला पाऊण इंच खाली असलं तर वेलीच्या नक्षीत ते कळतही नाही, चौकटींच्या नक्षीत मात्र पलंगावर पडल्या पडल्या तेच दिसत राहतं.

नक्षी एका भिंतीवर पुरे. उरलेल्या तिन्ही भिंती शुभ्र ठेवल्या तर ती भिंत टांगलेल्या बॅनरसारखी सुटी पडते. कागदाच्या जमिनीचा रंग घ्या, एक छटा फिकट करा आणि तो बाकी भिंतींना द्या. ऊब खरी तिथून येते.

चूक: चौरस फुटांवरून रोल मागणे

पैसे आणि दिवस सर्वाधिक इथे वाया जातात. नेहमीचा रोल ५३ सेंटीमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब, म्हणजे ५७ चौरस फूट. भिंत १२ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच: ११४ चौरस फूट. भागाकार बरोबर दोन येतो आणि माणूस दोन रोल घेऊन घरी येतो.

आता पट्टे मोजा. भिंतीची उंची २९० सेंटीमीटर, वरखाली कापायला १० धरून पट्टा ३०० चा. एका रोलमधून असे तीन निघतात. भिंतीची रुंदी ३६६ सेंटीमीटर, ५३ ने भागून ६.९, म्हणजे सात पट्टे. दोन रोलचे सहाच झाले. ४८ सेंटीमीटर भिंत उघडी राहते. म्हणजे रोल तीन लागतात.

नक्षी जुळवायची असेल तर पट्ट्याची लांबी नक्षीच्या पुढच्या पूर्ण पटीपर्यंत न्यावी लागते. ६४ ची नक्षी: ३०० ऐवजी ३२०, तरी रोलमधून तीन निघतात. ९० ची नक्षी: थेट ३६०, आणि रोलमधून दोनच निघतात. सात पट्ट्यांना चार रोल. त्याच भिंतीला, फक्त नक्षीमुळे, हिशेबातल्या दुप्पट.

हा आकडा लेबलवर असतो. ६४/० असं लिहिलं असेल तर शेजारचे पट्टे सरळ जुळतात. ६४/३२ म्हणजे प्रत्येक दुसरा पट्टा ३२ सेंटीमीटर खाली सरकवून जुळवायचा. अशा नक्षीत दोन रोल एकदम उघडून १, ३, ५ हे पट्टे एकातून आणि २, ४, ६ दुसऱ्यातून कापले की नासाडी कमी होते. लेबलवर लाटांच्या खुणा जितक्या जास्त तितका कागद पुसायला टिकाऊ, आणि पूर्ण सूर्याची खूण म्हणजे उन्हात रंग चांगला टिकतो. डोक्याला तेल लावून टेकून बसण्याची सवय घरात असेल तर लाटांशिवायचा कागद पलंगामागे लावूच नका.

सगळ्या रोलवरचा लॉट नंबर एकच आहे का, ते दुकानातच पाहा. वेगळ्या लॉटमधली छटा रोल हातात असताना कळत नाही, भिंतीवर शेजारी लागल्यावर कळते. एक रोल जास्त घ्या आणि लेबल जपून ठेवा. कोरियन रोल मोठे असतात, १०६ सेंटीमीटर रुंद, त्यामुळे हिशेब नव्याने करा. मापानुसार छापून घेणार असाल तर चारही बाजूंना तीन-चार इंच जास्त सांगा आणि चित्राचा मुख्य भाग पलंगाच्या मागे जात नाही ना, ते आधी कागदावर आखून पाहा.

चूक: कोपऱ्यातून सुरुवात करणे

कोपरा कधीच उभा सरळ नसतो. पलंगाचा मध्य भिंतीवर खूण करा आणि तिथे ओळंबा सोडून पेन्सिलची रेघ मारा. वरच्या १२ फुटांच्या भिंतीत पट्ट्याचा मध्य या रेषेवर ठेवला तर दोन्ही बाजूंना तीन-तीन पट्टे जाऊन टोकाचे पट्टे सुमारे ५० सेंटीमीटरचे येतात, एकूण सात. जोडच रेषेवर घेतला तर टोकांना २४-२४ सेंटीमीटरच्या चिंधोट्या उरतात आणि आठ पट्टे लागतात. कात्री लावण्याआधी हे कागदावर मांडा.

नक्षीची जुळणी जमिनीपासून चार ते सहा फुटांच्या उंचीत अचूक हवी. भिंत वाकडी असली तर थोडी तफावत येतेच. ती पलंगामागे जाऊ द्या.

लावताना घडणाऱ्या चुका थोड्या आहेत, पण महागात पडतात. साध्या कागदाला मागून खळ लावली की तो पाच ते दहा मिनिटं दुमडून मुरू द्यावा लागतो. कागद ओला झाला की फुगतो. भिंतीवर गेल्यावर फुगला तर सुरकुत्या पडतात, सुकला की जोड फाकतात. नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता दाबून बसवलेल्या तंतूंचा, कागद फुगत नाही, त्यात खळ भिंतीलाच लावतात. पहिल्यांदाच स्वतः लावणाऱ्याने हाच घ्यावा. मैद्याची घरगुती खळ नको, तिच्यावर कसर आणि झुरळं जमतात. बुरशीरोधक असलेली तयार पावडर घ्या. स्विचबोर्डाजवळ काम करताना मेन बंद करा, प्लेट सैल करून कागद तिच्यामागे सरकवा. धातूचा थर असलेला कागद मात्र प्लेटच्या कडेलाच कापा, त्यातून करंट येऊ शकतो. आणि काम संपल्यावर ४८ तास पंखा, एसी बंद, खिडक्या बंद. घाईने सुकवलेला जोड हमखास उघडतो.

बिघडलंच तर

लहान फुगे आले तर आधी तीन-चार दिवस थांबा. बहुतेक सुकताना बसतात. उरलेल्या फुग्याला पानाच्या किंवा देठाच्या रेषेवर धारदार ब्लेडने बारीक चीर द्या, सिरिंजने खळ सोडा आणि बोटाने कडेकडून चिरेकडे दाबत आणा. रेषेवरची चीर सुकल्यावर दिसत नाही.

उघडलेल्या जोडाखालची धूळ कोरड्या ब्रशने काढा, जोडाचा गोंद पातळ लावा, पाच मिनिटांनी रोलर फिरवा आणि वर आलेला गोंद लगेच ओल्या स्पंजने टिपा. तो सुकला की चकाकणारा पट्टा कायमचा राहतो.

एकच जोड पुन्हा पुन्हा उघडत असेल तर गोंद बदलू नका. उचललेल्या कागदाच्या मागे पाहा. पुट्टीची पूड चिकटलेली असेल तर प्रायमर राहिला होता. तो पट्टा काढून, भिंत घासून, प्रायमर मारून जपलेल्या रोलमधला नवा पट्टा लावा. कागद मागून ओलसर असेल, काळे ठिपके असतील, तर ती भिंत मोकळी करावी लागेल. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर ते तीन इंच पुढे ओढा, गळती शोधून बंद करा आणि पुढचा एक पावसाळा ती भिंत फक्त रंगावर ठेवा.