वास गेलाय? निदान या चुका तरी टाळा

वास ओळखणारा पडदा नाकाच्या पार छताशी, दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर असतो. जुन्या सायनसमध्ये सूज आणि पॉलिप (नाकात वाढणारे मऊ कोंब) यांनी ती अरुंद फट बुजते. श्वास खालून आरामात चालू राहतो, वास वर पोचतच नाही. म्हणून ‘नाक तर मोकळं आहे की’ याला काही अर्थ नाही.

पण सगळ्यांना नाक मोकळंच करायचं असतं, तेही दोन मिनिटांत. मीही त्यातलाच. खिशात, उशीखाली आणि गाडीत मिळून थेंबांच्या तीन बाटल्या असायच्या. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन अशी नावं बाटलीवर दिसली की दिवस मोजायला लागा. तीन, फार तर पाच. त्यापुढे असर उतरला की नाक आधीहून जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. मी आठ महिने काढले. सोडवताना आधी एकच नाकपुडी सोडली, दुसरीत थेंब चालू. ती उघडल्यावर दुसरी. त्या रात्री खुर्चीत बसूनच झोपलो.

दुसरी चूक सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइड स्प्रेची. मान मागे टाकायची, दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर फवारा मारायचा आणि तपकीर ओढल्यासारखा ओढायचा. औषध घशात जातं. बरोबर पद्धत अशी: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, नळीचं तोंड त्याच बाजूच्या कानाकडे, श्वास हलका. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुतो, दहा मिनिटांनी स्प्रे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

नाक धुवायला नळाचं कच्चं पाणी नको. उकळून गार केलेलंच घ्या.

‘बामचा वास येतो मला!’ तो वास नव्हे, मेंथॉलची झोंबणी. ती वेगळ्या नसेला कळते. कॉफीची पूड हुंगून बघा.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आठवड्यात फोडणीचा वास येतो, हे खरं. गोळ्या संपल्या की बऱ्याचदा पुन्हा जातो, हेही खरं. जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून परत परत आणू नका, साखर आणि हाडं दोन्ही बिघडतात.

एकाच बाजूचं नाक बंद आणि रक्त येतंय? हे वाचत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

आणि गॅस. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, मी शेजारीच पेपर वाचत होतो. बाहेरून आलेली बायको दारातूनच ओरडली, “अहो, गॅस!” गळती कळावी म्हणून एलपीजीत मर्कॅप्टनचा दर्प मुद्दाम मिसळतात, पण तो आमच्या कामाचा नाही. त्याच आठवड्यात डिटेक्टर आणला. बसवणाऱ्याने तो छताजवळ लावला. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. दुसऱ्या दिवशी मीच काढून जमिनीपासून वीतभर उंचीवर ठोकला.