शेळी अडली तर आधी घड्याळ बघा

जूनमध्ये हिरवा पाला मिळू लागला की शेळ्या माजावर येतात. तेव्हा फळलेल्या शेळ्या, साधारण दीडशे दिवस धरले तर, नोव्हेंबरात विणार. उस्मानाबादी जातीत जुळी नेहमीचीच, आणि जुळ्यांतच गुंता होतो: एकाचं डोकं, दुसऱ्याचा पाय, दोघंही एकदम दाराशी.

बहुतेक शेळ्या आपल्या आपण मोकळ्या होतात, त्यांना उगाच हात लावू नका. मात्र पाणमोट फुटल्याची वेळ लक्षात ठेवा. त्यानंतर अर्धा तास जोरदार कळा देऊनही खूर किंवा नाक दिसत नसेल तर पशुवैद्यकांना बोलवा, नाहीतर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर फोन लावा. ‘सकाळी बघू’ म्हणण्यात करडू जातं, कधीकधी शेळीही.

दोन खूर तळवे खाली करून आले आणि त्यांवर नाक टेकलेलं असलं, की सगळं सरळ आहे. तळवे वर असतील तर बहुधा मागचे पाय. तसंही करडू जन्मतं, पण नाळ दबते, म्हणून कंबर बाहेर आल्यावर रेंगाळू नका. नुसती शेपटी, एकच पाय, किंवा पायांशिवाय सुजलेलं डोकं दिसलं तर घरगुती प्रयोग नकोत.

डॉक्टर लांब असतील आणि हात घालावाच लागला, तर नखं कापा, अंगठी काढा, निरण (शेळीचं योनिद्वार) आणि हात साबणाने धुवा, हातमोजे घालून भरपूर लिक्विड पॅराफिन लावा. आत पाय सापडला की खुरापासून वर चाचपत जा. पहिले दोन सांधे एकाच दिशेला वाकले तर पुढचा पाय, उलटसुलट वाकले तर मागचा. दोन्ही पाय एकाच छातीला जोडलेत याची खात्री होईपर्यंत ओढायचं नाही. मी एकदा घाईत दोन वेगळ्या करडांचे पाय धरून ओढले होते. दोन्ही गेली. ओढायचं तेही कळेबरोबर आणि शेळीच्या टाचांकडे, खाली. कळ थांबली की हातही थांबला पाहिजे.

गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नसेल, एखादंच बोट जात असेल, तर जोर करू नका. शेळीची पिशवी पातळ असते, फाटते. म्हणूनच मेडिकलमधून आणून ऑक्सिटोसिन टोचणं मला सगळ्यात घातक वाटतं. करडू आडवं असताना कळा वाढवल्या तर पिशवी फुटू शकते. अशा वेळी सिझेरियन हाच मार्ग, आणि तो लवकर गाठला तर उपयोगाचा.

पहिलं करडू झाल्यावर दुसरं आत आहे का, पोट चाचपून बघा. नाकातोंडातला चिकटा काढून गोणपाटाने खसाखसा पुसा, नाळेला टिंचर आयोडीन लावा. चीक पहिल्या तासात, किलोमागे ५० मिली. दोन किलोच्या करडाला १०० मिली झाले. करडामागून पडणारी वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. लोंबत्या वारेला चप्पल किंवा दगड बांधायची पद्धत अजून दिसते, ती सोडा. वारेतून माणसालाही रोग लागतात, त्यामुळे घरातल्या गर्भवती बाईला या कामाला लावू नका. वार खोल पुरा, कुत्र्यांना मिळता कामा नये.

पुढच्या वेळी पहिलटकरणीला बोअर किंवा बीटलचा दांडगा बोकड दाखवू नका, आपल्याच जातीचा बेताचा बोकड लावा.